नाथांची पै आणि यंत्राचा अर्धा गुण

पैठणच्या नाथमहाराजांची ती गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. नाथ त्या वेळी देवगिरीच्या किल्ल्यावर आपल्या गुरूंच्या, जनार्दनस्वामींच्या सेवेत होते. स्वामींनी त्यांच्याकडे हिशेबाचे काम सोपविले होते. एके दिवशी जमाखर्चात एका पैची चूक निघाली. नाथ समईपुढे वह्या घेऊन बसले. रात्रीचे प्रहर उलटले, समईतले तेल संपत आले, तरी त्यांना भान नव्हते. अखेर ती पै सापडली आणि त्या आनंदात त्यांनी टाळी वाजविली. स्वामी जागे झाले, त्यांनी चौकशी केली, आणि म्हणाले की, एका पैच्या शोधात जी एकाग्रता लागली ती ईश्वराकडे लागली तर काय होईल!

कीर्तनकार बुवा येथे थांबून टाळ वाजवितात आणि ते योग्यच आहे. परंतु आमचे आजोबा ही गोष्ट वेगळ्या अंगाने सांगत. गुलमंडीवरच्या एका पेढीवर त्यांनी उभे आयुष्य दिवाणजी म्हणून काढले. ते म्हणत, “बाळ, स्वामींनी बोध केला तो पै सापडल्यावर. सापडण्यापूर्वी ते काही बोलले नाहीत. आधी हिशेब जुळला पाहिजे, मग परमार्थ.”

देवगिरी, म्हणजे आजचे दौलताबाद, आमच्या शहरापासून पंधरा-एक किलोमीटरवर. याच देवगिरीवर तेराव्या शतकात यादवांच्या पदरी हेमाद्रिपंत ‘श्रीकरणाधिप’ होते, म्हणजे राज्याच्या साऱ्या दप्तराचे प्रमुख. सांगायचा मुद्दा हा की, आमच्या या पंचक्रोशीला हिशेबाची मोठी जुनी परंपरा आहे. त्या परंपरेच्या पायथ्याशी बसून मराठी शिकविणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला कधी काळी नाथांसारखी रात्र जागवावी लागेल, तीही समईपुढे नव्हे तर संगणकापुढे, असे मला कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो. पण तसे घडले खरे. पैच्या जागी अर्धा गुण होता एवढाच काय तो फरक.

हातचा आणि ताळा

त्या रात्रीकडे वळण्यापूर्वी आजोबांच्या पेढीवर क्षणभर बसू या.

निजामाच्या राज्यात रुपया दोन जातींचा होता. एक ‘हाली’, म्हणजे हैदराबाद संस्थानचा. दुसरा ‘कलदार’, म्हणजे इंग्रजी अमलातला. सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब. मुंबईच्या व्यापाऱ्याला शंभर हाली द्यायचे तर त्याचे कलदार किती? शंभराला सहाने गुणा, साताने भागा, रुपये काढा. उरलेल्याचे आणे करा, आण्यांतून उरले त्याच्या पया करा. उत्तर येते सुमारे ८५ रुपये, ११ आणे, ५ पै. एका आण्याच्या १२ पया आणि १६ आण्यांचा रुपया. आजोबा हे उत्तर गिऱ्हाईक पानाला चुना लावीपर्यंत सांगत. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अगदी औटकीसुद्धा त्यांच्या जिभेवर खेळत असे. पुढे १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले, १९५९ साली हाली शिक्का कायमचा बाद झाला, आणि आजोबांची निम्मी विद्या एका दिवसात जुन्या बाजारात गेली.

त्यांच्या कामाची एक रीत मात्र मला अजून आठवते. रकमांची उभी ओळ ते खालपर्यंत मुकाट्याने मिळवीत नसत. प्रत्येक रकमेला ‘आतापर्यंत इतके’ असे पुटपुटत खाली उतरत. म्हणजे बेरीज संपल्यावर उत्तर कळत नसे, बेरीज चाललेली असतानाच उत्तर त्यांच्या तोंडी वाढत असे. शेवटी पुन्हा खालून वर मोजत आणि ताळा पाहत. “हातचा विसरला तर एका ओळीची चूक, ताळा विसरला तर जन्माची,” हे त्यांचे वाक्य.

आज आपण ज्याला ‘चालता हिशेब’ म्हणू तो हाच. आणि तो आता आपल्या भोवती पदोपदी आहे. दिवाळीच्या बाजाराला गेलात म्हणजे किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा पाहा. दुकानदार रवा ओततो आहे. वजनाची चौकट सरकते आहे आणि तिच्याबरोबर शेजारची किमतीची चौकटही सरकते आहे. पेट्रोल पंपावर लिटर फिरतात तसे रुपये फिरतात. ओतणे थांबले की हिशेबही झालेला असतो. कोणी पाटी-पेन्सिल हातात घेत नाही.

पुसलेल्या फळ्यातून निघालेली युक्ती

कागदावरच्या तक्त्याला हा चालतेपणा कसा आला त्याची कथा आम्हा शिक्षकांना विशेष जवळची वाटावी अशी आहे. १९७८ सालची गोष्ट. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यापारविषयक विद्यालयात डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी वर्गात बसला होता. प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचा मोठा तक्ता मांडीत होते. मध्येच एक आकडा बदलावा लागला. तो बदलताच त्याच्यावर अवलंबून असलेले पुढचे सगळे आकडे पुसून नव्याने लिहिणे आले. खडूची धूळ उडत होती आणि या विद्यार्थ्याच्या मनात आले, एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलतील असा फळा असता तर! बॉब फ्रँकस्टन या मित्राच्या साहाय्याने त्याने तो फळा तयार केला. १९७९ साली तो ‘व्हिसिकॅल्क’ या नावाने बाजारात आला. आज घरोघरी, कचेरीकचेरीत ठाऊक असलेले ‘एक्सेल’ हे त्याचेच पुढच्या पिढीतले भावंड. ते १९८५ साली प्रथम मॅकिंटॉश संगणकावर आले आणि १९८७ साली विंडोजवर.

या तक्त्यात उभ्या-आडव्या रेघांनी घरे पाडलेली असतात. कोणत्याही घरात सूत्र लिहून ठेवावे. ज्या घरांवर ते सूत्र बेतलेले आहे त्यांतला आकडा हलला की उत्तरही हलते. परंतु शंभर ओळींच्या तक्त्यात काम करणाऱ्याची नजर चुकते, एका मुलाचे गुण दुसऱ्याच्या ओळीत पडतात. म्हणून त्याच तक्त्यावर एक छोटी खिडकी उघडण्याची सोय आहे. तिला ‘फॉर्म’ म्हणतात. त्यात लिहिण्यासाठी चौकटी असतात, त्यांना ‘टेक्स्ट बॉक्स’ म्हणतात. एका वेळी एकाच मुलाचे नाव समोर. त्याचे गुण चौकटींत भरा, बटण दाबा, ते तक्त्यात योग्य ओळीत जाऊन बसतात. अशा फॉर्मला हवी तशी वागणूक शिकविण्याची भाषा १९९३ पासून एक्सेलमध्ये आहे आणि आजच्या रूपातला फॉर्म १९९७ पासून.

एक अब्ज गुणांचा विद्यार्थी

काही वर्षांपूर्वी मी आमच्या महाविद्यालयात अकरावी वाणिज्यच्या एका तुकडीचा वर्गशिक्षक होतो. अकरावीच्या गुणांची मांडणी त्या वेळी अशी होती: पहिली घटक चाचणी २५ गुणांची, सहामाही ५० ची, दुसरी घटक चाचणी २५ ची, वार्षिक लेखी परीक्षा ८० ची आणि तोंडी २० ची. सारे मिळून २००. त्याचे निम्मे करून १०० पैकी गुण काढायचे. अर्धा गुण आला तर तो पुढच्या पूर्ण गुणात धरायचा. आणि ३५ ला उत्तीर्ण. एका मुलाचे सहा-सात विषय, मुले नव्वदच्या पुढे. दर मे महिन्यात आम्ही कॅलक्युलेटर बडवीत बसत असू आणि दर वर्षी कुठे ना कुठे चूक निघत असे.

आमच्या संख्याशास्त्राच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी उत्साहाने एक फॉर्म तयार केला. पाच चौकटी गुणांच्या. सहावी बेरजेची, सातवी सरासरीची. “तुम्ही गुण लिहीत जा,” ते म्हणाले, “उत्तर समोर आपोआप दिसत जाईल.”

मी मोठ्या विश्वासाने पहिल्या मुलाचे गुण भरले. १८, ३६, २०, ६१, १७. बेरीज १५२ यायला हवी. चौकटीत उत्तर उमटले: १८३६२०६११७!

एक अब्ज त्र्याऐंशी कोटी बासष्ट लाख सहा हजार एकशे सतरा गुण! विद्यापीठाच्या स्थापनेपासून इतका हुशार विद्यार्थी झाला नसेल. आम्ही दोघेही पोट धरून हसलो. पण नीट पाहता उलगडा झाला, आणि मराठीच्या माणसाला तो फार मजेचा वाटला. यंत्राने बेरीज केलीच नव्हती. त्याने पाचही संख्या एकापुढे एक ठेवून जोडल्या होत्या. कारण टेक्स्ट बॉक्स म्हणजे नावाप्रमाणे मजकुराची चौकट. तिच्यात जे लिहाल ते यंत्राच्या लेखी अक्षर, अंक नव्हे. आणि अक्षरांना अधिकचे चिन्ह दिले की ते यंत्र ‘देव’ आणि ‘घर’ यांचे ‘देवघर’ करते, तसे १८ आणि ३६ यांचे १८३६ करते. आम्ही वर्गात समास शिकवितो, तोच प्रकार.

त्यावर उपाय सोपा. ‘हे अक्षर नव्हे, याचे मोल पाहा’ असे यंत्राला सांगावे लागते. त्यासाठी ‘व्हॅल’ नावाची आज्ञा आहे. ती मजकुराचे संख्येत रूपांतर करते, आणि चौकट रिकामी असेल तर अडून न बसता शून्य धरते. पण या ‘व्हॅल’चाही स्वभाव ओळखून असावे. ती डावीकडून वाचत जाते आणि न कळणारे चिन्ह आले की तेथेच थांबते. म्हणून १,२५० असा स्वल्पविराम देऊन आकडा लिहिलात तर तिच्या मते त्याची किंमत फक्त १! आपले देवनागरी अंक तर तिला मुळीच ओळखत नाहीत; मराठी कळफलकावर मी मोठ्या अभिमानाने गुण भरले तेव्हा तिने मुलाला शून्य दिले. आणि गैरहजर मुलापुढे ‘गै’ लिहिले तर त्याचेही शून्यच. शून्य मिळविणारा मुलगा परीक्षेला बसलेला असतो, गैरहजर मुलगा बसलेला नसतो, हा माणसाला कळणारा भेद यंत्राला वेगळा सांगावा लागतो.

दुसरा प्रश्न, हिशेब केव्हा करावा? चौकटीतले एकेक अक्षर बदलताच करावा असेही सांगता येते, किंवा माणूस चौकट भरून पुढच्या चौकटीत गेल्यावर करावा असेही. पहिल्या रीतीत ६१ लिहिताना ६ टंकिताच बेरजेत सहा मिळतात, मग १ उमटताच एकसष्ट. आकडा डोळ्यांपुढे उड्या मारतो. किराणा काट्यावर ते शोभते. निकालाच्या कामी दुसरी रीत बरी, कारण अर्धवट लिहिलेल्या आकड्याचे उत्तर दिसत नाही.

तिसरी गोष्ट कुलपाची. बेरजेची चौकट ही पाहण्यासाठी आहे, लिहिण्यासाठी नव्हे. म्हणून तिला ‘लॉक’ करावे. नाही तर कोणाच्या तरी बोटाने चुकून तेथे अंक पडतो आणि खरे-खोटे एकाच चौकटीत नांदू लागतात.

इतके सगळे केले आणि फॉर्म उत्तम चालू लागला. आठ दिवसांचे काम दोन दिवसांत झाले. मी घरी जाऊन बायकोपुढे फुशारकी मारली ती वेगळीच.

ती मुलगी

निकाल लागण्याच्या आधी दोन दिवस एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी आली. तिची आई घरगुती डबे करून देते. किती डबे गेले, कोणाचे पैसे आले, कोणाचे राहिले, हा सारा हिशेब ही मुलगी ठेवते, हे मला ठाऊक होते. आणि नेमका पुस्तपालन याच विषयात तिचा पाय अडखळत होता. घरात शाळा पाहिलेले कोणी नाही. नापास झाली तर शिक्षण थांबेल हे न सांगता कळत होते.

“सर, पुस्तपालनात काय झालं?”

नियमाप्रमाणे मी सांगायला नको होते. पण तिचा चेहरा पाहून मला राहवले नाही. फॉर्म उघडून तिचे गुण आणले. ९, १७, ८, २२, १३. बेरीज ६९. सरासरीच्या चौकटीत ३५.

“पस्तीस,” मी म्हणालो. “पास आहेस, जा.”

ती काही बोलली नाही. वाकून नमस्कार करून गेली.

दोन दिवसांनी फलकावर निकाल लागला. तिच्या नावापुढे पुस्तपालनात ३४ होते. अनुत्तीर्ण.

ती पुन्हा आली तेव्हा रडत नव्हती. हातात डब्यांच्या हिशेबाची वही होती. तिच्या मागच्या पानावर पाचही गुण लिहून तिने बेरीज मांडली होती, खाली निम्मे केले होते. साडेचौतीस. “सर, तुम्ही पस्तीस म्हणाला होता. मी पण मोजलं, पस्तीसच होतात. मग माझा एक गुण कुठे गेला?”

वाचकहो, वीस वर्षांच्या नोकरीत मला इतके अवघड कोणी विचारलेले नाही. एक सहकारी म्हणाले, “कशाला डोके पिकवता? कृपेचा एखादा गुण देऊन भागवा.” सूचना चांगल्या मनाने केलेली होती. पण मुलगी कृपा मागत नव्हती, स्वतःचा गुण मागत होती. हक्काचे नाणे माणसाला भिक्षा म्हणून देण्याइतके वाईट काही नाही. शिवाय, तिचा गुण हरवला असेल तर आणखी किती जणांचे हरवले असतील?

रात्रीचा शोध

त्या रात्री जेवण झाल्यावर मी संगणक घेऊन बसलो. प्रथम हाताने बेरीज केली. ६९ बरोबर. फॉर्म उघडला. समोर ३५ बरोबर. मग बटण दाबून तक्त्यात पाहिले. ३४! म्हणजे चौकट एक सांगत होती आणि वही दुसरे लिहीत होती. डोळ्यांसमोर पस्तीस असलेला आकडा खिडकीतून तक्त्यापर्यंत जाईतो एक गुण वाटेत सांडत होता.

संगणकाच्या भाषेतले मला फारसे कळत नाही. पण आजोबांची रीत ठाऊक होती; आकडा बदलून बघायचे आणि लिहून ठेवायचे. मी एक कागद घेतला. बेरीज ७१ केली, म्हणजे सरासरी साडेपस्तीस. चौकटीत ३६, तक्त्यातही ३६. चूक नाही! ७३ केली, साडेछत्तीस. चौकटीत ३७, तक्त्यात ३६. पुन्हा चूक. ७५ केली, साडेसदतीस. दोन्हीकडे ३८. ७७ केली, साडेअडतीस. चौकटीत ३९, तक्त्यात ३८.

एक सोडून एक! कधी खरे, कधी खोटे. आणि तरी त्यात एक ठरलेली चाल. घड्याळात एक वाजून गेला होता. मी कागदावरचे आकडे उभे, आडवे, तिरपे वाचले. आणि एकाएकी दिसले. तक्त्यात पडलेले सगळे आकडे सम होते. ३४, ३६, ३६, ३८, ३८. अर्धा आला की ते यंत्र वर जात नव्हते किंवा खाली येत नव्हते. जवळची सम संख्या गाठीत होते!

मी खरोखरच टाळी वाजविली. आत झोपलेली पत्नी दचकून उठली. “अहो, झालं तरी काय?”

“गुण सापडला!” मी म्हणालो.

“कुणाचा?” तिने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा झोपली. ती काही जनार्दनस्वामी नव्हती.

दुसऱ्या दिवशी संख्याशास्त्राच्या सहकाऱ्यांपुढे कागद ठेवला. त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांनी चौकटीत दाखविण्यासाठी ‘फॉरमॅट’ ही आज्ञा वापरली होती. ती अर्ध्याला वर ढकलते. तक्त्यात लिहिण्यासाठी मात्र ‘राउंड’ ही आज्ञा वापरली होती. आणि या भाषेतली ‘राउंड’ अर्ध्याला जवळच्या सम संख्येत बसविते. गंमत अशी की, एक्सेलच्या तक्त्यातल्या घरात सूत्र म्हणून लिहायची जी ‘राउंड’ आहे ती अर्ध्याला वरच ढकलते. नाव एक, स्वभाव दोन! श्लेष अलंकार शिकविताना मी आता हेच उदाहरण देतो.

ही सम संख्येची रीत वेड्यासारखी वाटते, पण ती वेडी नाही. समजा, एखाद्या पेढीवर हजारो रकमा आहेत आणि पुष्कळ ठिकाणी अर्धा येतो. प्रत्येक अर्धा वरच धरला तर एकूण बेरीज खऱ्यापेक्षा फुगत जाते. अर्ध्यांपैकी काही वर आणि काही खाली गेले, तर फुगवटा आणि घट एकमेकांना मारतात. सम संख्या गाठण्याच्या नियमाने नेमके हेच साधते, म्हणून तिला सावकारी हिशेबाची रीत मानतात. हजारांच्या बेरजेला ती न्याय देते. पण आमच्यापुढे हजार रकमा नव्हत्या, एक मुलगी होती. आमचा नियम स्पष्ट होता: अर्धा आला तर पुढचा पूर्ण. यंत्राने चूक केली नव्हती. त्याने स्वतःचा नियम पाळला. चूक आमची होती, कारण आमचा नियम आम्ही त्याला सांगितलाच नव्हता.

सगळे निकालपत्रक पुन्हा काढले. ज्यांची ज्यांची सरासरी सम संख्येवर अर्धा अशी होती त्या प्रत्येकाचा एक गुण गेलेला होता. साडेबासष्टवाल्याला ६२ मिळाले होते. त्याला पत्ता नव्हता आणि फिकीरही नव्हती. पास-नापासाच्या उंबरठ्यावर उभी होती ती ही एकटीच. म्हणूनच चूक तिला दिसली. ती डब्यांचा हिशेब ठेवणारी नसती, तिने स्वतः निम्मे करून पाहिले नसते, तर ती चूक पुढे कितीतरी वर्षे सुखाने नांदली असती.

निकाल दुरुस्त झाला. मुलीला बोलावून सांगितले. मला वाटले होते ती आनंदाने काही बोलेल. तिने वही उघडली, ३५ या आकड्याखाली एक रेघ मारली आणि म्हणाली, “ताळा जुळला, सर.”

घरच्या जमाखर्चासाठी

ही हकीगत वाचून कोणाला घरचा दिवाळीखर्च असा चालत्या हिशेबात मांडावासा वाटला, तर त्यासाठी संगणकाची भाषा शिकण्याची गरज नाही. तक्त्यात एका बाजूला खर्चाच्या बाबी लिहाव्या, शेजारी रकमा, आणि खाली बेरजेचे सूत्र. मग तक्त्यावर एक टेक्स्ट बॉक्स काढावा, त्याच्या कडेवर टिचकी मारून तो निवडावा, वरच्या सूत्राच्या पट्टीत बरोबरीचे चिन्ह लिहून बेरजेच्या घराला बोट लावावे आणि एंटर दाबावे. झाले! ती चौकट मोठ्या अक्षरांत, हव्या त्या रंगात, कोपऱ्यात शिल्लक दाखवीत राहील. फराळाच्या सामानाची रक्कम लिहिली की शिल्लक उतरते, बोनसची रक्कम जमेला धरली की चढते. एवढे ध्यानात ठेवावे की अशा चौकटीला फक्त एका घराकडे बोट दाखविता येते. हिशेब त्या घरात व्हायला हवा, चौकटीत नव्हे.

आणि खरे पाहता, आमच्या प्रकरणाचा धडा नेमका हाच आहे. हिशेब एकाच जागी व्हावा. दाखविणाऱ्याने आणि लिहिणाऱ्याने एकाच उत्तराकडे पाहावे. दोघांनी वेगवेगळा हिशेब केला की कधी ना कधी दोन उत्तरे येणारच. आमच्या फॉर्ममध्ये आता सरासरी एकदाच निघते. तीच चौकटीत दिसते आणि तीच तक्त्यात जाते. शिवाय दर दहा मुलांमागे एकाचा हिशेब हाताने करून पाहायचा असा नियम केला आहे. तरुण सहकारी हसतात. हसू देत.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घरी अजून वह्यांची पूजा होते. आजोबांची लाल कापडाची, हाली-कलदारची एक जुनी वही जपून ठेवलेली आहे, ती मध्यभागी. गेल्या वर्षी माझ्या मुलीने तिच्या शेजारी आपला लॅपटॉप आणून ठेवला, त्यावर हळदकुंकू वाहिले आणि विचारले, “बाबा, आता याचीच पूजा करायला हवी ना? ती वही तर कोणी उघडत नाही.”

मी वही उघडली. आजोबांच्या बारीक मोडी अक्षरात पानाच्या तळाशी बेरीज होती, आणि तिच्या बाजूला, वरून खाली एकदा व खालून वर एकदा मोजल्याच्या, दोन लहान खुणा. मुलीला त्या दाखविल्या.

“लॅपटॉपची पूजा कर,” मी म्हणालो, “पण या दोन खुणा तेवढ्या त्यावर करायला विसरू नकोस.”